सूर्याचा स्फोट आणि हॉलचे चार एसी

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. गेल्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. मी तिथेच होतो.

ताई पीएचडी करते. सूर्याच्या बाहेरच्या वातावरणात चुंबकीय रेषांना पीळ बसत जातो. पीळ सोसेनासा झाला की सगळं उखडून अवकाशात फेकलं जातं. तो स्फोट ती कॉम्प्युटरवर घडवून बघते. कॉलेजचं मोठं मशीन तिला बारा दिवस मिळालं होतं. अकरा दिवस ते अखंड चाललं. शुक्रवारनंतर पाळी दुसऱ्याची. निकाल नाही तर प्रबंधाचं शेवटचं प्रकरण नाही.

आमच्या पट्ट्यात गुरुवारी कारखाने बंद, आणि दुरुस्तीसाठी बऱ्याचदा वीजही बंद. म्हणूनच लॅबला जनरेटरची लाइन दिलेली आहे. मलाही कंपनीची सुट्टी, डबा घेऊन गेलो होतो. स्क्रीनवर पीळ हळूहळू वर उचलला जात होता.

"सुटतोय बघ," ताई म्हणाली. घास हातातच.

वीज गेली. खाली जनरेटर धडधडला, तरी यूपीएस कोकलतच राहिला. मी वायरमनकडे पळालो.

"लॅबची लाइन सकाळीच काढली राव. हॉलमध्ये प्रिन्सिपल सायबांचा सत्कार हाय, चार एसी. जनरेटरला दोन्ही झेपत न्हाई."

"अर्धा तास एसी बंद करा! तिकडे सूर्याचा स्फोट होतोय!"

"सूर्य कुठं पळतोय भावा? उद्या बघा की." मग हळूच म्हणाला, "मला बी कळतंय. पण हात लावला तर उद्या मी घरी."

हॉलच्या दारात दोघांनी अडवलं. आत भाषण चालू होतं. युनियनच्या घोषणा देत कंपन्यांच्या गेटवर घसा फोडणारा मी, तिथे नुसता उभा राहिलो.

वर आलो तर स्क्रीन काळा. डिस्क लहान, म्हणून मशीन जुनी फाइल पुसून त्याच जागी नवी साठवायचं. नेमकं साठवताना बंद पडलं, दोन्ही गेल्या. पुढची पाळी सहा महिन्यांनी.

सोमवारी प्रिन्सिपल साहेब ताईला म्हणाले, "आधी अर्ज द्यायचा होता." लॅबला वीज हवी असते, याचा अर्ज!

ताईने पुढच्या पाळीसाठी नाव लिहिलं. मी हे लिहायला बसलो. आता तुम्ही बोला. तुमचं पोर ज्या कॉलेजात शिकतं तिथे येत्या गुरुवारी जा आणि विचारा, वीज गेली की जनरेटर आधी कुणाला? उत्तर लेखी घेतल्याशिवाय उठू नका.