बियाण्याच्या तीन काकड्या

कोमळम चेच्ची, म्हणजे कोमळमताई, सातवीपर्यंत शिकली आहे. हे आधीच सांगते, कारण आमच्या गावच्या शेतावर मुलांना घेऊन येणारे कॉलेजचे बिनोय सर तिच्याशी मोठ्यानं आणि शब्द तोडून तोडून बोलतात, जणू तिला कमी ऐकू येतं.

देवळामागची पडीक जमीन गावातल्या दहा बायकांनी मिळून कसायला घेतली, त्याला चौदा वर्षं झाली. चेच्ची त्यांतली थोरली. भात निघालं की त्या भाजी लावतात. पिवळ्या काकडीचं बी चेच्चीच्या सासूकडून आलेलं. दरवर्षी ती वेलावरच्या तीन काकड्या निवडते आणि देठाला माडाच्या पातीची गाठ मारते. गाठ दिसली की दहाजणींतली एकही हात लावत नाही. पुढच्या हंगामात दहाही जणींची पेरणी त्या तीन काकड्यांवर.

माझी आर्द्रा बी.एस्सी.ला आहे. समाजसेवेचे साठ तास भरायला तिच्या वर्गातली वीस मुलं शेतावर यायची. ऊन, साप, ओल्या बांधावरून पाय घसरणं, मी काळजीनं अर्धी झाले. चेच्ची म्हणाली, "तुझी मुलगी मेणाची आहे का गं? वितळली तर कळवते."

विषूच्या, म्हणजे आमच्या केरळी नववर्षाच्या, आधीच्या शुक्रवारी सरांनी कॉलेजात कणी मांडायचं ठरवलं, म्हणजे सणाच्या पहाटे डोळे उघडताच बघायची फळाफुलांची आरास. कणी म्हटलं की पिवळीधमक काकडी हवीच, हे आमच्या प्रत्येक पोराला ठाऊक. मुलांनी शेतातल्या सगळ्यांत पिवळ्या तीन तोडल्या आणि गाठी बांधावर फेकल्या. तोडणारी माझीच आर्द्रा होती.

शनिवारी सकाळी चेच्ची आमच्या दारात उभी. हातात पातीच्या तीन गाठी.

"आर्द्रामोळे, पोरी, यांच्या काकड्या कुठं आहेत?"

आम्ही तिघी कॉलेजात धावलो. कणी उचलून झाली होती आणि काकड्या कँटीनच्या सांबारात गेल्या होत्या. सर हसले.

"अहो चेच्ची, बाजारात ढिगानं मिळतात. चार आणून देतो."

"बाजारातल्या खायच्या असतात, सर. या पेरायच्या होत्या."

"मग पाटी लावायची ना! मुलांना कसं कळणार?"

"साठ तास होती ना तिथं? गाठ कसली म्हणून एकानं तरी विचारायचं."

माझ्या अंगाची आग होत होती. चार शब्द सुनवावेत म्हणून मी वळले, तर आर्द्रा शेजारी नव्हती. ती कँटीनमागच्या खरकट्याच्या खड्ड्यात उतरली होती. ओढणीत मूठभर बिया आणि गर घेऊन वर आली. चेच्चीनं एकेक बी बोटात चेपून पाहिलं, निम्म्या फेकून दिल्या. उरलेल्या घरी नेऊन धुतल्या, राखेत घोळवून सावलीत वाळवल्या. उगवतील की नाही, ते पेरणीशिवाय कळणार नाही.

आणि परवा सर अहवाल घेऊन शेतावर आले. त्यात छापलं होतं, "विद्यार्थ्यांनी ग्रामीण महिलांमध्ये बियाणे जतन करण्याबाबत जागृती केली." जागृती! खाली चेच्चीची सही हवी होती. सहीशिवाय मुलांचे गुण अडतात. कर गं सही, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याची मला अजून लाज वाटते.

चेच्चीनं हात पदराला पुसले आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"यात तीन काकड्या कुठं आहेत?"

"ते कशाला अहवालात, चेच्ची?"

"पोरं तेवढंच शिकली, आणि तेच गाळलंत?" तिनं सरांच्या हातातलं पेन घेऊन आर्द्रापुढं धरलं. "तू लिही. तुझं अक्षर बरं आहे."

आर्द्रानं त्या छापील ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं: बियाण्याच्या तीन काकड्या मी तोडल्या. गाठ दिसली होती, विचारलं नाही.

सर लालबुंद झाले. "असा खाडाखोड केलेला कागद वर चालत नाही. पुन्हा टाईप करावा लागेल."

"मग करून आणा की," चेच्ची म्हणाली. "काकड्यांसकट. पेन तोवर माझ्याकडेच राहू दे."