राखेवरच्या रेघा

विमलबाईंना फसवणारा माणूस डोणगावात अजून जन्माला यायचा होता, असं निदान विमलबाईंचं म्हणणं होतं. दूधवाला दूध घालून वळला की त्यातला एक थेंब त्या नखावर घेऊन उभा राहतो की ओघळतो ते बघायच्या. तेलाच्या डब्यावर बाहेरून कुंकवाची खूण असायची. शेजारी दिलेलं पातेलं परत आलं की आधी त्याचं बूड पालथं करून पाहायच्या, आपलंच आहे ना म्हणून. त्यांचा थंडीवरसुद्धा विश्वास नव्हता. उत्तमराव मोबाईलात बघून म्हणाले की आज पारा आठावर आला, तर या म्हणायच्या, तुमच्या मोबाईललाच हुडहुडी भरली असेल. मग उत्तमराव मफलर कानांवर ओढून घेत आणि गप्प बसत. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोशी वाद जिंकायच्या भानगडीत ते कधी पडले नव्हते.

स्वयंपाकघरात गॅस होता, पण न्हाणीजवळच्या पत्र्याखाली अंघोळीच्या पाण्याची चूल होती आणि त्या चुलीतला विस्तव विमलबाई राखायच्या. त्या लग्न होऊन या घरी आल्या तेव्हा सासूबाईंनी सांगितलेली पहिली गोष्ट हीच होती. रात्री निखाऱ्यांवर अर्धी गोवरी ठेवायची, वरून राख ओढायची, सकाळी फुंकर मारली की घर जागं. ज्या सुनेच्या हातून विस्तव विझला तिला शेजारी मागायला जावं लागे आणि विस्तवासोबत चार शब्दही आणावे लागत. विमलबाईंना ते चार शब्द कधी आणावे लागले नव्हते. आता माचिस घरोघरी होती, तरी हा अभिमान होताच.

म्हणून पौषातल्या एका सकाळी राख उकरलेली दिसली, तेव्हा विमलबाई चुलीशी उकिडव्या बसून ती निरखायला लागल्या.

मांजर नव्हतं. मांजर राखेत लोळतं, खड्डा पाडून बसतं. इथं कोणीतरी चिमट्याने नीट दोन-चार निखारे उचलले होते आणि राख परत सारखी केली होती. माणसाचं काम होतं, आणि माणूस कामाला सरावलेला होता.

विमलबाईंनी कोणाला काही सांगितलं नाही. त्या रात्री राख उलथण्याच्या पाठीने थापून गुळगुळीत केली आणि वर चिमट्याच्या टोकाने तीन रेघा ओढल्या. सकाळी बघतात तो रेघा जागच्या जागी. त्या मनाशी हसणार, एवढ्यात त्यांचा हात थबकला. विमलबाई डावखुऱ्या. त्यांची रेघ नेहमी एका अंगाला कलायची. या रेघा दुसऱ्या अंगाला कलल्या होत्या. चोर नुसता विस्तव नेत नव्हता, जाताना रेघाही काढून ठेवत होता!

घरात डावखुऱ्या त्या एकट्याच. म्हणजे संशयित उरले तिघे. उत्तमराव उन्हं अंगणात आल्याशिवाय पांघरुणातून बाहेर निघत नसत. मुलगा गजेंद्र अडत दुकानावर हिशेबाला होता, त्याला उठवायला ढोल लागायचा. राहिली सून, करिष्मा.

करिष्मा तुळशीच्या लग्नानंतर या घरात आली. नांदुऱ्याकडची, वडनेर भोलजीची, म्हणजे घाटाखालची. घाटाखालच्या माणसांबद्दल विमलबाईंची मतं लग्न ठरायच्या आधीपासून पक्की होती. ती माणसं गोड बोलतात, तिखट खातात आणि मनातलं सांगत नाहीत. पोरगी कामाला वाईट नव्हती. सांगितलं ते करायची, विचारलं तेवढं बोलायची. पण इतकं कमी बोलणारी सून विमलबाईंना सरळ वाटेना. त्यांच्या हिशेबी, जे तोंडाने निघत नाही ते कुठूनतरी निघतच असतं.

आणि मग एकेक गोष्ट दिसायला लागली. गुळाच्या ढेपेला कोपऱ्यात नवा टवका होता. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या गवती चहाची पाती बुडापासून नीट कापलेली होती, आणि या घरात गवती चहा कोणी प्यायचं नाही. दांडीवरची फाटकी गोधडी, जिचं पायपुसणं करायचं ठरलं होतं, ती दिसेनाशी झाली. एकदा करिष्मा पोळी वाढायला वाकली तर तिच्या वेणीला धुराचा वास. पाणी तर त्या दिवशी उत्तमरावांनी तापवलं होतं.

त्यातच भिंतीपलीकडच्या सरवरीबींनी तेल ओतलं. वर्षानुवर्षांची शेजारीण, भिंतीवरून कोथिंबिरीची जुडी देता देता सहज म्हणाल्या, "विमलबाई, पहाटं तुमच्या आवारात हासते कोन वो? दोघं असल्यासारखं वाटते."

दोघं! विमलबाईंनी कोथिंबीर तशीच हातात धरून ठेवली. करिष्माचा फोन रात्रभर बैठकीत चार्जिंगला असायचा, ते त्यांनी आधीच तपासून ठेवलं होतं. फोनवर नाही, तर हसत होतं कोणाबरोबर?

उरलीसुरली शंका भोकराच्या झाडाने मिटवली. आवाराच्या टोकाला, तुराट्यांच्या गंजीमागे एक जुनं भोकर होतं, अर्धं वाळलेलं, मधोमध ढोली पडलेली. थंडी वाढली, जळण संपत आलं, तेव्हा विमलबाई जेवताना म्हणाल्या की संक्रांतीनंतर माणूस लावून ते तोडून टाकू. कधी नव्हे ती करिष्मा मधेच बोलली, राहू द्या ना आई ते झाड. विमलबाईंनी विचारलं, काऊन? तर ती ताटाकडे बघत म्हणाली, असंच.

"असंच" म्हणणाऱ्या माणसावर विमलबाईंनी जन्मात विश्वास ठेवला नव्हता. झाडामागून भिंत ठेंगणी होती आणि भिंतीपलीकडे बोळ. त्यांच्या डोक्यात सगळं जुळलं.

रात्री त्यांनी उत्तमरावांना सांगितलं. पहिली संक्रांत म्हणून भोगीच्या दिवशी व्याही पोरीला न्यायला येणार होते. त्यांना सांगून टाकायचं: घेऊन जा, आणि आम्ही निरोप धाडेपर्यंत ठेवा. उत्तमरावांनी कानांवरचा मफलर सोडला. मग म्हणाले, "निरोप धाडेपर्यंत म्हनजे काय, ते तुले कळते ना?"

"कळते," विमलबाई म्हणाल्या.

"डोयानं पाह्यलं काय तू?"

हा प्रश्न मात्र त्यांना बोचला. दूध नखावर घेतल्याशिवाय पाणी आहे असं त्या दूधवाल्यालाही म्हणाल्या नव्हत्या.

म्हणून भोगीच्या दिवशी त्या कोंबडा आरवायच्या आधी उठून बसल्या. जोडवी वाजू नयेत म्हणून पायात गजेंद्रचे लोकरी मोजे चढवले, डोक्यावरून शाल घेतली आणि माजघराच्या दारामागे अंधारात थांबल्या. काही वेळाने मागची कडी अलगद निघाली. करिष्मा बाहेर गेली. चुलीशी बसली, राख सारली, फुटक्या माठाच्या खापरात निखारे घेतले. परत राख ओढून थापली. आणि मग हात फिरवून, अगदी मन लावून, तीन रेघा काढल्या. विमलबाईंना राग आला खरा, पण मनात आल्याशिवाय राहिलं नाही, कार्टीचा हात साफ आहे.

करिष्मा गंजीमागे गेली. विमलबाई भिंतीच्या कडेकडेने निघाल्या. आवारात धुकं इतकं की शेवग्याचा नुसता बुंधा दिसत होता, वरचं झाड कोणी पुसून टाकल्यासारखं. वालाच्या वेलावर दव पडून थेंब टपटपत होते. मोजे भिजले, पायाची बोटं बधिर झाली. आणि तेवढ्यात गंजीमागून ते हसणं आलं. किरकिरं, दाबलेलं, एकाने सुरू करायचं आणि दुसऱ्याने त्यात सूर मिसळायचा. सरवरीबी खोटं बोलल्या नव्हत्या.

विमलबाई होत्या तिथेच थांबल्या. आतापर्यंत त्यांना आपलं खरं ठरावं असं वाटत होतं. आता अचानक वाटलं, देवा, खोटं ठरू दे.

मग करिष्माचा आवाज आला, हळू, पण आईशी बोलावं तसा मोकळा. "हासा, तुमचं काय जाते हासाले. इकडं माही सासू राखीवर रेघा मारून ठेवते. मी रोज पुसतो अन् रोज काढतो. कालच्या तं तिच्यापेक्षा सरळ आल्या."

पुन्हा ते किरकिरं हसणं.

"अन् आता झाड तोडतो म्हनते. जाल कोठं तुम्ही दोघं? मी तं कोठं जाऊ?"

विमलबाईंना राहवलं नाही. त्या गंजीला वळसा घालून पुढे आल्या. करिष्मा पोत्यावर बसली होती, पायांवर ती हरवलेली गोधडी, पायांशी खापरातले निखारे, हातात वाफाळणारी पितळी वाटी. दुसरं कोणी नव्हतं. ठेंगणी भिंत होती, तिच्यावर दव होतं आणि दवावर कोणाच्या हातापायाचा ठसा नव्हता. विमलबाईंनी तेही बघून घेतलं.

मग करिष्माच्या नजरेमागे त्यांनी वर पाहिलं. भोकराच्या ढोलीच्या तोंडाशी मुठीएवढे दोन पक्षी एकमेकांना चिकटून बसले होते, अंग फुगवून, दोन करड्या लोकरीच्या गुंड्यांसारखे. त्यातल्या एकाने मान वळवली. पिवळे गोल डोळे विमलबाईंवर रोखले, मान खाली घातली, वर केली, परत रोखले. आजवर विमलबाईंनी पुष्कळांकडे संशयाने पाहिलं होतं; त्यांच्याकडे इतक्या संशयाने कोणी पाहिलं नव्हतं.

"घुबड," त्या पुटपुटल्या आणि हात आपोआप कपाळाला गेला.

करिष्मा उठून उभी राहिली. वाटी हिंदकळली. "घुबड नाई, आई. पिंगळा हाये. ते वेगळं. आमच्या वावरात बी होते. तुमाले सांगितलं असतं तं तुम्ही त्याच दिवशी झाड तोडलं असतं."

ते खरं होतं. घुबडाच्या जातीचं पाखरू आवारात म्हटल्यावर विमलबाईंनी संक्रांतीची वाटही पाहिली नसती.  मग त्यांनी नेहमीची तपासणी सुरू केली.

"गूळ तू घेत होती?"

"एक खडा."

"एक?"

करिष्माने खाली पाहिलं. "दोन."

"अन् इथंच काऊन? घरात चहा होत नाई काय?"

करिष्माने खाली पडलेली गोधडी उचलली. मग म्हणाली, "घाटाखाली एवढी थंडी नसते, आई. रातभर पाय गरम होत नाई. इथं भिंतीले वारा अडते, अन् ऊन सगळ्यात आधी इथंच येते. थोडा वेळ बसतो, मग कामाले लागतो."

विमलबाईंना पेटीतली वाकळ आठवली. नव्या लुगड्यांची, जाड, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली. सून आली तेव्हा ती काढावी असं मनात आलं होतं. मग वाटलं, आधी माणूस कसा आहे ते बघू. त्या पोत्याच्या कोपऱ्यावर टेकल्या, भिजलेले मोजे ओढून काढले आणि पाय खापराजवळ धरले. करिष्माने वाटी पुढे केली. विमलबाईंनी आधी वास घेतला, मग घोट. गवती चहा आणि गूळ, दुसरं काही नव्हतं.

"रेघा तू वाकड्या काढतं," त्या म्हणाल्या. "माहा हात डावा हाये."

ऊन गंजीच्या शेंड्यावर आलं आणि हळूहळू खाली सरकत त्यांच्या गुडघ्यांवर बसलं. वरच्या दोघांनी डोळे मिटले.

व्याही भगवंतराव दुपारी एसटीने आले. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, तुरीच्या हिरव्या सोल्यांचा झुणका, जेवण झालं. उत्तमराव सुपारी कातरत होते, पण त्यांचं लक्ष अडकित्त्यावर नव्हतं. भगवंतरावांनी घसा साफ करून विचारलं, पोरीचं काही चुकत-माकत तर नाही ना, विहीणबाई?

विमलबाईंनी आधी सुपारीचं तबक त्यांच्यापुढे सरकवलं. दाराआड बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"चुकते," त्या म्हणाल्या. "घेऊन जा तिले." उत्तमरावांचा अडकित्ता थांबला. "पन करीच्या दुसऱ्या दिवशी आनून सोडा. इस्तो राखाले मले मानूस लागते. अन् तिच्या पिशवीत वाकळ टाकली हाये, ते येताना संग वापस आली पाहिजे."

भगवंतरावांना हे काही नीट कळलं नाही, पण पोरगी दाराआड हसली ते त्यांनी ऐकलं आणि सुपारी तोंडात टाकली.

भोकर राहिलं. विमलबाईंना ते पाखरू अजून सरळ वाटत नव्हतं. त्यांनी सरवरीबींना भिंतीवरून विचारलंही, की याने काही वाईट तर होत नाही ना? सरवरीबी म्हणाल्या, वाईट उंदरांचं होते, माह्या कोठीतले निम्मे गेले. ही गोष्ट विमलबाईंनी स्वतःच्या कोठीत जाऊन तपासली आणि मगच मानली.

करिष्मा ठरल्या दिवशी परत आली, वाकळीसकट. त्या संध्याकाळी विमलबाईंनी विस्तव राखेत पुरताना दोन रताळी आत सरकवली, एक मोठं, एक लहान. वर राख थापली आणि तीन रेघा ओढल्या, सवय म्हणून.

सकाळी त्या चुलीशी गेल्या. रेघा होत्या, आणि या वेळी बरोबर डाव्या हाताने काढल्यासारख्या कललेल्या. पोरीने माहेरी बसून सराव केला होता की काय कोण जाणे. त्यांनी राख सारली. लहान रताळं गेलं होतं. मोठं तिथंच होतं.

विमलबाईंनी ते बाहेर काढलं, राख झटकली, फिरवून फिरवून पाहिलं. किडकं नव्हतं. दाबून पाहिलं, कच्चंही नव्हतं. मग ते पदरात घेऊन त्या गंजीमागे गेल्या.