अक्काच्या उंचीचा उजेड

जगावर उजेड नीट पडलेला नाही आणि तो नीट पाडायची जबाबदारी आपली आहे, असं मानून जगणारा एकच माणूस मी पाहिला. ते म्हणजे माझे मुरुम गावचे थोरले साडू. पोटापाण्याला खताचं दुकान, पण जीव सगळा गावच्या नाट्यमंडळाच्या जुन्या भिंगवाल्या स्पॉट दिव्यांत. भाच्यासाठी एका पोरीला बघायला गेलो, तर यांनी तिलाच पुन्हा पुन्हा उठवून खिडकीपाशी बसवलं. "नाकाची सावली व्हटावर पडायली," म्हणाले. सोयरीक मोडली ती सावलीमुळं की साडूंमुळं, हे कळलं नाही. युरिया मागणाऱ्यालाही ते स्पॉट समजावत. "बल्ब भिंगाजवळ आणला की उजेड पसरतो, मागं सरकवला की एकाच तोंडावर गोळा हुतो." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि शेजारच्या दुकानात जायचं.

नाटकाच्या दुपारी स्पॉट लावताना मंचावर नटाच्या जागी उभं राहायचं काम मात्र अक्काचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. माझ्या बायकोची ही थोरली बहीण अंगानं ठेंगणी, म्हणून नटाच्या उंचीला यायला पायाखाली खोकं घ्यायची. "हनुवटी वर," साडू ओरडायचे. ती हसत उभी राहायची आणि नाटक सुरू व्हायच्या आत भाकऱ्या थापायला घरी जायची. पुरतं नाटक तिनं एकही पाहिलं नाही.

यंदा अक्का गेली. नंतरच्या पहिल्या नाटकाला साडूंनी तिच्या जागी कुणालाच उभं राहू दिलं नाही, रिकाम्या मंचाकडं बघत स्पॉट लावले. पडदा उघडला, तर राजाच्या छातीवर लख्ख उजेड आणि तोंड अंधारात. लोक हसले. मला हसू आलं नाही. साडूंना अक्का आठवली होती, खोकं तेवढं आठवलं नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "आण्णा, पुढच्या नाटकाला बी असंच झालं तर नवे दिवे आणू. तुमी आराम करा." त्या दिवसापासून साडूंचं जेवणावरचं मन उडालं.

पुढच्या नाटकाच्या दुपारी मीच जाऊन मंचावर उभा राहिलो. साडूंनी माझ्या तोंडावर उजेड बरोबर आणला. मी उतरायला निघालो, तर म्हणाले, "पाव्हणं, जरा वाका. अजून. हां, एवढीच व्हती ती."

मी गुडघे वाकवले आणि माझं तोंड अंधारात गेलं. साडूंनी बल्ब हळूहळू भिंगाकडं सरकवला. उजेड वर नटाच्या तोंडापाशीही राहिला आणि पसरत पसरत खाली माझ्या कपाळावर, मग डोळ्यांवर आला.

"ऱ्हाऊ द्या आता उजेड असाच," ते म्हणाले. "आज समदं नाटक बघून जाऊ द्या तिला."

गुडघे दुखत होते, तरी मी तसाच वाकून उभा राहिलो.