स्वप्नीलच्या मशीनची शीळ

चिंचपोकळी स्टेशनमागच्या चाळीत, तळमजल्याच्या गाळ्यात, स्वप्नील परबनं स्वतःच्या हातानं एक मशीन बांधलं होतं. दारूखान्याच्या भंगारबाजारातून आणलेल्या जाड लोखंडी पट्ट्या, एका बंद छापखान्याच्या यंत्राचे सरकते रूळ, ऑनलाइन मागवलेल्या मोटरी. कॉम्प्युटरवर जे चित्र काढाल ते हे मशीन अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढायचं. ते चालू असताना स्वप्नील शेजारी उभा राहून शीळ घालायचा. गाणं वगैरे नाही, दोनच सूर, एक चढता आणि एक पडता. वरच्या खोलीत त्याची आई मालन ती शीळ ऐकायची आणि चहा टाकायची.

मागच्या पावसाळ्यात डेंग्यूचं निमित्त झालं आणि स्वप्नील गेला.

त्याची मोठी बहीण सुचित्रा एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंग करायची. मशीनचं तिला ऐकून माहीत होतं तेवढंच. स्वप्नीलनं परळच्या एका केंद्रासाठी कृत्रिम पायाच्या घोट्याचे जोड करायला घेतले होते, ते अर्धवटच राहिले. केंद्रातल्या नम्रतानं संकोचत फोन केला. "ताई, पेशंट थांबलेत. दुसरीकडे देऊ का?"

"नको," सुचित्रा म्हणाली. "मी करते." का म्हणाली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

तिनं ऑफिसातून सुट्टी घेतली, स्वप्नीलच्याच फाइली उघडल्या, ठोकळा घट्ट बसवला आणि मशीन सुरू केलं. मशीनचा फिरता कटर सरळ रेषेत धातू कापत कुरकुरत गेला. कोपऱ्यावर वळला आणि शीळ वाजली. एक चढता सूर, एक पडता.

सुचित्राच्या मानेवर काटा आला. तिनं मागे वळून पाहिलं. गाळ्यात कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. आई दोन कप घेऊन दारात उभी होती. तिची नजर सुचित्राच्या खांद्यापलीकडे लागली होती.

"तो इलो मां?"

"आई, कटर थरथरतोय. त्याचा आवाज आहे तो."

"माका शिकवू नको," मालन म्हणाली. "माझ्या झिलाचो आवाज माका कळता."

पुढे रोज तसंच व्हायला लागलं. कोपरा आला की शीळ, शीळ झाली की दोन कप. दुसरा कप मशीनच्या कडेला निवत राहायचा. सुचित्रा आईला समजावायची थांबली. हळूहळू तीच, काही काम नसलं तरी, भंगारातला तुकडा लावून मशीन चालवू लागली. फक्त कोपऱ्यापुरतं.

मग नम्रतानं जोड परत पाठवले. कोपऱ्याच्या आतल्या बाजूला बारीक लाटा उठल्या होत्या. "वजन पडलं की इथूनच तडा जाईल," ती फोनवर म्हणाली. "हे मी कुणाच्या पायाखाली देऊ शकत नाही गं."

सुचित्रा त्यातला एक जोड हातात घेऊन बसून राहिली. नखाला लाटा लागत होत्या. कटरची जी थरथर कानाला शीळ वाटायची, तीच धातूवर या लाटा उठवत होती.

दुसऱ्या दिवसापासून ती हट्टानं कामाला लागली. भीतीपोटी आपण मशीन फार हळू चालवतोय, हे तिच्या ध्यानात आलं. हळू गेला की कटर कापत नाही, घासतो. घासला की तापतो, आणि तापलेलं अ‍ॅल्युमिनियम धारेला चिकटून बसतं. दोन-तीन कटर तुटले. मग तिनं एकाच धारेचा कटर आणला आणि तो पकडीत खोल बसवला, बाहेर कमीत कमी ठेवला. एका दमात रुंद खाच पाडायच्या ऐवजी कडेनं पातळ पण खोल काप घ्यायचा, पुढे सरकायचं मात्र झपझप. चुरा उडवायला हवेची नळी लावली. कोपरा काटकोनात न घेता गोलाईनं घेतला.

भुकटीऐवजी धातूची लख्ख टरफलं उडू लागली. काम निम्म्याहून कमी वेळात उरकलं. कोपरे आले, गेले. मशीन नुसतं घुमत राहिलं.

आई रिकाम्या हातांनी खाली आली. बराच वेळ कान देऊन उभी राहिली.

"त्याका घालवलंस तू."

मालन वर निघून गेली, आणि मग कित्येक दिवस गाळ्यात फिरकली नाही.

जोड पसंत पडले. पहिला जोड नायगावच्या बीडीडी चाळीतल्या वैशालीला बसवला. त्या दिवशी सुचित्रानं आईला बळेच परळला नेलं. वैशालीनं आधाराचा दांडा सोडला, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. मालन तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. जमिनीवर टेकून उचलला जाणारा तो घोटा फक्त बघत होती. मग पुढे होऊन तिनं वैशालीला विचारलं, "दुखता काय गो?"

"नाही, मावशी."

परतताना बस स्टॉपवर मालन एकाएकी म्हणाली, "तो गेलो, सुचित्रा. मी आता धरून बसणार नाय."

सुचित्रानं मान हलवली. तो नव्हताच, कटर थरथरत होता, हे तीच तर सांगत आली होती. पण हल्ली मशीन नीट चालायला लागलं की तिच्या पाठीमागे कुणी येऊन उभं राहिल्यासारखं वाटायचं. काम पुरं होईपर्यंत वळून बघायचा तिला धीर व्हायचा नाही. हे आईला सांगावं का, असा विचार करत ती उभी राहिली.

"चल गो," मालननं तिचा हात धरला. "बस इली."