चाळीस नळ्यांचा ट्रे

“अकराच? अहो मावशी, ट्रे चाळीस नळ्यांचा आहे. भरून आणा की.”

“का?”

“का म्हणजे? नियम आहे तसा.”

“कुणी केला?”

लॅबवाल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “आधीपासून आहे.”

“आधीपासून तर तुमच्या डोक्यावर केसही होते. सांगा की, का?”

मावशी म्हणजे दवाखान्याची भिंगरी. खरं नाव हजेरीपटाला ठाऊक. बावीस वर्षं दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात कामाला, आणि एका जागी बूड टेकेल तर शपथ. पहाटे सिस्टर पेशंटांचं रक्त काढायच्या, काचेच्या नळ्या ट्रेमध्ये उभ्या करायच्या. ट्रे भरला की भिंगरीनं तो तळमजल्यावर लॅबमध्ये न्यायचा. भरायला साडेआठ वाजत. रिपोर्ट यायला अकरा. आणि डॉक्टरांचा राउंड दहाला! रिपोर्ट हातात नाही म्हणून घरी सोडायचा माणूस आणखी एक दिवस खाटेवर. सात नंबरचे ड्रायव्हर आजोबा असे दोनदा लटकले होते. पिशवी भरून, बूट घालून बसायचे बिचारे, आणि दुपारी पुन्हा बूट काढायचे.

त्यात महिन्यापूर्वी मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना एका खोलीत बसवून शिकवलं होतं. काम अडलं तर माणसावर खेकसू नका, कामाला ‘का’ विचारा. एकदा नाही, पाचदा. अर्धा वॉर्ड जांभया देत होता. भिंगरीनं मात्र ते पदराला गाठ मारून ठेवलं आणि आदल्या रात्री शिंपीकाम करणाऱ्या नवऱ्याला ट्रेची गोष्ट सांगितली. तो सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला, “म्हणजे एकाचा सदरा तयार असला तरी बाकी एकोणचाळीस जणांचे होईस्तोवर त्याला उघडाच बसवायचा?”

बाईला झोप कसली लागते! सकाळी अकरा नळ्या घेऊन थेट लॅबच्या खिडकीवर.

“मशीनसाठी हो,” काका शेवटी वैतागून म्हणाले. “चाळीस नळ्या एकदम लागायच्या त्याला. एक जागा रिकामी राहिली तर असं थरथरायचं, की टेबलासकट चालायला लागायचं.”

“कुठंय ते मशीन?”

काकांनी कोपऱ्यात बोट दाखवलं. मशीनवर चहाची किटली होती, काकांचा डबा होता आणि एक तुळतुळीत पानांची कुंडी होती.

“हे चालतं?”

“छे! बंद पडून नऊ वर्षं झाली.”

“आणि नवं?”

“नवं काय, एक नळी दिली तरी...”

काका बोलता बोलता थांबले. किटलीकडे बघितलं, भिंगरीकडे बघितलं. मग दोघंही असे खदखदून हसले, की बाहेरचा पहारेकरी आत डोकावला. नऊ वर्षं अख्खा दवाखाना एका मेलेल्या मशीनची वाट बघत बसला होता!

मोठ्या डॉक्टरांनी ऐकलं आणि टेबलावर थाप मारली. “करा सुरू! आठ दिवस. दहा-दहा नळ्या. आठव्या दिवशी राउंडच्या आधी सगळे रिपोर्ट सिस्टरच्या हातात पाहिजेत. नाही जमलं तर जुनंच बरं.”

मुकादमाला हे रुचलं नाही. “भिंगरीबाई, नाही जमलं तर धुलाईघरात एक जागा आहे. तिथं चादरींना विचारा का, का, का.”

तो थट्टा करत नव्हता. माणसं कुठं लावायची हे त्याच्याच हातात. बावीस वर्षांचा वॉर्ड, तिथल्या सिस्टर, खाटांवरची माणसं, सगळं सुटणार होतं.

पहिले तीन दिवस भिंगरी जिन्यावरून नुसती उडत होती. आणि रिपोर्ट? पुन्हा अकराला! मुकादम वॉर्डाच्या दारातून हातानं चादर पिळून दाखवायचा.

चौथ्या दिवशी ती लॅबमध्ये जाऊन उभीच राहिली. नुसती बघत. काकांनी दहा नळ्या घेतल्या, छापील कागदावर दहा नावं लिहिली आणि कागद बाजूला ठेवून दिला.

“आता का थांबलात?”

“कागद भरायचाय ना अजून. चाळीस ओळींचा आहे. भरला की मशीनला लावतो.”

भिंगरीनं कपाळावर हात मारला. मशीन मेलं होतं, पण त्याचं भूत कागदात जाऊन बसलं होतं! दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याची मोठी कात्री आणली आणि कागदांचा गठ्ठा आडवा कापून चार तुकडे केले. “घ्या. दहा ओळी. आता भरा लवकर.”

काका कुरकुरले, “सरकारी कागद आहे हो...”

“कापलाय. आता काय शिवून देऊ? घरी शिंपी आहे.”

आठवा दिवस उजाडला. राउंड निघाला. मागे सिस्टर, सिस्टरच्या मागे भिंगरी, आणि दाराशी मुकादम.

“तीन नंबर?”

“आहे, डॉक्टर.”

“सात?”

“आहे.”

“बारा?”

सिस्टरनं कागद उलटसुलट केले. मुकादमानं चादर पिळायला हात वर घेतले, आणि तेवढ्यात बारा नंबर चौदाच्या पाठीला चिकटलेला निघाला.

“आहे! सगळे आहेत!”

भिंगरीनं अशी काही टाळी वाजवली, की चार नंबरच्या आजी दचकून उठल्या. त्या दिवशी सहा जण दुपारच्या आत घरी गेले. मुकादम हात खिशात घालून म्हणाला, “धुलाईघराच्या ट्रॉल्याही भरेपर्यंत अडवून ठेवतात. येऊन बघाल का एकदा?”

“येईन की. चादरींना विचारायचंच राहिलंय.”

मोठे डॉक्टर हसले. “मग मावशी, आता बसा जरा.”

“बसायचं कुठलं? लिफ्टपाशी रोज माझा वेळ वाया जातो. तिन्ही मजल्यांच्या जेवणाच्या डब्यांच्या गाड्या त्याच वेळेला का निघतात, ते बघायचंय.”

“मावशी,” सिस्टर पलीकडून ओरडल्या, “तातडीच्या नऊ नळ्या झाल्यात, दहावी काढतेय...”

“दहावीला मागून यायला सांगा!” म्हणत भिंगरीनं ट्रे उचलला आणि जिना धरला.