घरचे जीवन मिळेल

बिनचूक हे नाव त्यांना आईबापांनी ठेवलं नव्हतं, गिऱ्हाइकांनी दिलं होतं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा हा माणूस पेन्सिलीने आखून न घेता थेट ब्रश टेकवायचा. चाळीस वर्षांत बिनचूक पेंटरांनी एकही अक्षर खोडलं नाही, असं सगळे सांगायचे. सगळ्यांत जास्त ते स्वतः सांगायचे.

त्यामुळे सूनबाईंनी रविवारचा बेत जाहीर केला तेव्हा पेंटर खूश झाले. एका दिवसात तीन जुनी गावं बघायची आणि जिथलं जे चांगलं ते खायचं. तिन्ही गावांत त्यांनी ऐन उमेदीत पाट्या रंगवल्या होत्या.

"आणि जेवण शेवटच्या गावात," सूनबाई मोबाइलमध्ये बघत म्हणाल्या. "तिथे एक खाणावळ आहे. तिची पाटी म्हणे फार गमतीची आहे."



ती पाटी पेंटरांचीच होती. लिहायचं होतं 'येथे घरचे जेवण मिळेल'. पाटी अर्धी झाली असताना शेजारच्या दुकानातून निरोप आला, की बायकोला दवाखान्यात नेलंय, सातवाच महिना आहे, काही सांगता येत नाही. उरलेले दोन शब्द त्यांनी कसेबसे ओढले आणि बस पकडली. पोरगा जगला. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर पेंटरांचा डोळा लागला, तेव्हा ती पाटी लख्ख समोर आली. 'येथे घरचे जीवन मिळेल.' उद्या जाऊन सुधारू म्हणता म्हणता चाळीस वर्षं गेली. बायको जग सोडून गेली, तिलाही त्यांनी हे सांगितलं नाही.

बरं, चूक लपवली एवढ्यावर भागलं असतं. पण तोच पोरगा सतरा वर्षांचा झाला आणि त्याने हौसेने पहिली पाटी रंगवली, 'वाचनालय'. त्यात एक काना जास्त पडला, 'वाचानालय' झालं. पेंटरांनी चारचौघांदेखत टर्पेंटाइनचं फडकं घेऊन सगळी पाटी पुसली आणि म्हणाले, "ज्याला काना दिसत नाही, त्याने ब्रश धरू नये." पोराने त्या दिवशी ब्रश ठेवला तो ठेवलाच. आता तो वायरमन होता आणि घरातली वाणसामानाची यादीसुद्धा बायकोकडून लिहून घ्यायचा. स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात. पेंटरांना ते रोज दिसायचं, पण तोंडाला कुलूप होतं.

पहिल्या गावात दगडी पूल होता आणि पुलाच्या तोंडाशी पावभट्टी. तिच्यावरची 'गरम पाव' ही पेंटरांची पाटी अजून शाबूत होती. नऊ वर्षांच्या नातीने ती मोठ्यांदा वाचली. तिला दिसेल ते मोठ्यांदा वाचायची सवयच होती.

"आजोबा, तुमचं खरंच कधी चुकलं नाही?"

"कधीच नाही," पेंटर सवयीने म्हणाले.

मुलाने पावाचा तुकडा मोडला आणि तो नदीकडे बघत राहिला. त्याच्या पाठीकडे बघत पेंटरांनी हातातला पाव परत पुडीत ठेवला.

दुसऱ्या गावाला तटबंदी होती. तिथे पेंटरांनी वेगळाच उद्योग आरंभला. एरवी चहाला दुसरा कप न विचारणारा हा माणूस सगळ्यांना आग्रह करकरून चारायला लागला. भाजलेली कणसं झाली, उकडलेली अंडी झाली, कागदाच्या पुडीतले गरम शेंगदाणे झाले. "आता कसलं जेवण? पोटं टम्म झाली. परत फिरू. माझे गुडघेही कुरकुरतायत."

"बाबा, भूक नाही म्हणून जेवायचं थांबतं का कोणी?" सूनबाईंनी गाडीचं दार उघडलं. चोराच्या मनात चांदणं असतं, पेंटरांच्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं.

खाणावळ अरुंद गल्लीत होती. आत सहा टेबलं, दारात एक शिडी आणि वर पाटी. नातीने लगेच वाचली, "येथे घरचे जीव मिळेल. ई! जीव?"

आतून मालकीणबाई हात पुसत आल्या. "अगं, 'जीवन' होतं ते. यंदा शेवटच्या 'न'चा रंग उडून गेला. तेव्हापासून गिऱ्हाईक विचारतं, जेवायला घालता की जीव घेता?" त्या मनापासून हसल्या. "पेंटर घाईत चुकला आणि पळाला. माझे वडील आधी चिडले. मग म्हणाले, राहू दे, काही खोटं लिहिलेलं नाही त्याने. आता लोक पाटी बघायला येतात आणि जेवून जातात. दोन पेंटर आले होते, दोघेही म्हणाले शुद्ध करून देतो. म्हटलं, शुद्धच तर नकोय."

मुलगा मान वर करून बघत होता. 'मिळेल'मधला ळ चष्म्यासारखा होता, दोन गोल आणि मध्ये बारीक दांडी. असा ळ जगात एकच माणूस काढायचा. तो सावकाश वळला.

"बाबा, हा ळ..."

झाकली मूठ सव्वा लाखाची. एक 'नाही' म्हटलं की झालं असतं. पण पेंटरांना पुलावरची ती पाठ आठवली.

"माझाच आहे," ते म्हणाले. "पाटी माझी, चूकही माझीच. तुझ्या आईला सातव्याच महिन्यात दवाखान्यात नेल्याचा निरोप आला होता. तू जगशील की नाही, कोणी सांगू शकत नव्हतं. जेवण कुठलं सुचतंय? मनाने जे मागितलं ते हाताने लिहिलं."

ते मुलाकडे वळले. 

"आणि तुझा एक काना जास्त झाला, तर मी अख्खी पाटी पुसली," पेंटर म्हणाले. "ते फार वाईट केलं मी. माझं चुकलं रे."

 मुलाने चष्मा काढून शर्टाला पुसला, आणि तो बराच वेळ पुसत राहिला.

मालकीणबाई आत गेल्या आणि लाल रंगाचा डबा नि ब्रश घेऊन आल्या. "आता तुम्हीच लिहा तो न. तुमच्याशिवाय कोणाला हात लावू देणार नाही."

पेंटरांनी ब्रश घेतला.  थोडा वेळ त्यांनी ब्रशाच्या टोकाकडे बघितलं आणि तो मुलापुढे धरला.

"तू लिही."

"मी?" मुलगा मागे सरकला. "तेवीस वर्षांत हात लावला नाही मी. चुकलं तर?"

पेंटरांनी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.

"चढ. चुकलेलंच तर लिहायचंय."