चढावरचा प्रश्न

त्या बाईचा मला राग यायचा. घोटावड्याच्या आमच्या रस्त्यावर ती थंडीतही रोज सकाळी पळायची. पंजाबी ड्रेस, पायात बूट, नाकातोंडावरून लोकरी मफलर आणि उजव्या मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं. मी फाटकाशी दात घासत असायचे. "काय वहिनी, पाणी आलं का, चहा झाला का, पोरं उठली का?" असं विचारून ती उत्तराला न थांबता पुढं जायची. थांबायचं नाही, तर विचारावं कशाला?

एकदा दाट धुकं होतं. "काय वहिनी, पाणी आलं का..." एवढ्यावरच तिचा आवाज तुटला. ती थांबली, आमच्या कट्ट्यावर बसली आणि मूठ उघडली. आत दम्याचा पंप होता. मफलर खाली करून तिनं तो ओढला, श्वास धरला, हळूहळू सोडला. मी पाणी घेऊन धावत आले, तर ती हसत होती.

"घाबरू नका. लहानपणापासनं दमा हाय मला. घरनं निगतानाबी पंप घेती. तुमच्या फाटकाशी चढ संपतोय, म्हणून तुमालाच इचारती. समदं एका दमात बोलता आलं तर पळायचं. मदीच तुटलं, की थांबायचं."

"मग आता?"

"आता चालत घरी. पळणं कुटं पळून जातंय?"

पुढचे काही दिवस ती मुकाट्यानं चालत गेली. मग एका सकाळी चढावरून पावलं वाजली. "काय वहिनी, पाणी आलं का, चहा झाला का..."

ब्रश तोंडातच धरून मी श्वास रोखला.

"...पोरं उठली का?"